वगळलेली शिवी

मुनीरचाचांच्या घरात मला कुणी रागवत नसे, आणि त्या घराविरुद्ध माझी तेवढी एकच तक्रार होती. वाचून कुणालाही हसू येईल, पण ज्याला कुणी कधी रागावलेलंच नाही त्यालाच ते दुःख कळतं. वडलांनी मला तत्त्वज्ञानात एम.ए. करायला औरंगाबादला ठेवलं, ते वसतिगृहात नाही, बुढीलेनमध्ये त्यांच्या शाळूसोबत्याच्या घरी. दोघं निजामाच्या अमलात एका बाकावर बसून उर्दू शिकलेले. आमचे वडील पुढं शेतीत रमले तरी पाढे शेवटपर्यंत उर्दूतूनच म्हणायचे, आणि मुनीरचाचा सिटी चौकात घड्याळं दुरुस्त करायला बसले तरी वडील भेटले की आमच्या देवगाव रंगारीच्या मराठीतच सुटायचे. गावात बोंब व्हायची ती झालीच. पोरीला शिकवायचं तर शिकवा, पण मुसलमानाच्या घरी ठेवायचं? वडील चावडीसमोर उभं राहून म्हणाले, "मुनीरच्या घरी ठिवतोय, परक्याच्या नाय," आणि माझी वळकटी एस.टी.च्या टपावर चढवून मोकळे झाले.

घर लहान होतं. मधे फरशीचं अंगण, अंगणात एक डाळिंबाचं झाड, आणि भिंतींवर घड्याळंच घड्याळं. दुरुस्त केलेलं घड्याळ गिऱ्हाइकाला देण्याआधी चाचा ते घरी आणून टांगायचे, नीट चालतंय का बघायला. त्यामुळं आमच्याकडं बारा वाजायला बराच वेळ लागायचा. एक घड्याळ सुरू करायचं, दुसरं त्याच्या मागून, तिसरं मधेच खाकरून गप्प बसायचं. चाचांची एकुलती एक लेक नसीम माझ्याच वयाची. ती म्हणायची, "सुमन, इनमें से जो टैम तेरेकू अच्छा लगे वो पकड़ ले." चाचांच्या बायकोला खरं तर मी चाची म्हणायला हवं होतं, पण सगळी गल्ली त्यांना जुबेदाखाला म्हणायची म्हणून मीही खालाच म्हणाले. खाला अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून. सकाळी तव्यावर रोटी पडली की पाठोपाठ त्यांचा आवाज निघायचा: चाचांवर, नसीमवर, दूधवाल्यावर, भिंतीवरच्या मांजरावर. नसीमच्या हातून चिमूटभर साखर सांडली तरी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, आणि त्या पिढ्या अर्थात खालांच्याच असायच्या.

मला मात्र 'आप'. मला 'बैठो बेटा', 'थक गए होंगे बेटा'. एकदा दुधाकडं बघायला म्हणून मला चुलीपाशी बसवलं. माझ्या हातात पुस्तक होतं. दयेत थोडी तुच्छता मिसळलेली असते का, असा काहीतरी विषय होता, आणि मी त्यात अशी बुडाले की दूध उतू जाऊन चूल विझली तरी मला पत्ता नाही. वासानं खाला धावत आल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, चुलीकडं बघितलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाल्या, "कोई बात नहीं बेटा. दूध का क्या, और आ जाएगा." मग गर्रकन वळून नसीमवर ओरडल्या, "और तू! खड़ी-खड़ी क्या देख रई, अंधी!" बिचारी नसीम पलीकडच्या खोलीत वेणी घालत होती. मला त्या क्षणी तिचा इतका हेवा वाटला म्हणून सांगू! वाटलं, मलाही अंधी म्हणा की एकदा.

जेवणाचीही तीच गत. शुक्रवारी घरात नान-खलिया व्हायचा. खलिया म्हणजे मटणाचा झणझणीत रस्सा, आणि त्यात बुडवायला हळदीनं पिवळे केलेले भट्टीवरचे जाड नान. त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. मी मराठ्याची पोर; आमच्याकडं जत्रेला बोकड पडायचं, आणि ते गावचा मुलाणीच कापून द्यायचा. पण खालांनी माझ्यासाठी कोरी करकरीत पितळी भांडी आणून ठेवली होती. शुक्रवारी त्यांत वेगळी खट्टी दाल शिजायची, वेगळ्या चमच्यानं वाढली जायची, आणि वाढताना खाला पदर सावरून अशा बसायच्या की देवाला नैवेद्य दाखवतायत. त्यांनी अदबीपोटी कधी विचारलं नाही, मी भिडेपोटी कधी सांगितलं नाही. खलिया समोरून जायचा, आणि मी दाल ओरपायचे.

या अदबीचं कारण मला उशिरा कळलं. एका दुपारी चाचा एका घड्याळाचं झाकण उघडता उघडता सहज बोलून गेले, की पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांची घरं लुटली जात होती त्या दिवसांत त्यांची आई आणि बहिणी आमच्या शेतावरच्या गुरांच्या कोठ्यात लपून राहिल्या होत्या, आणि माझे वडील स्वतः त्यांना भाकरी नेऊन द्यायचे. आमच्या घरात हे कुणी कधी बोललं नव्हतं. वडलांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसावं. पण या घरात ती भाकरी कुणी विसरलं नव्हतं. माझ्यावर ओरडायचं म्हणजे त्या भाकरीवर ओरडायचं, मग ओरडणार कोण? मला फार वाईट वाटलं. एवढी माया, आणि मी आपली तिच्या उंबऱ्याबाहेर पाहुणी.

रोज सकाळी मकई गेटातून खाम नदीचा पूल ओलांडून मकबऱ्याच्या बाजूनं मी विद्यापीठात पायी जायची. तेव्हा तिकडं डोंगरापर्यंत नुसता माळ होता. आता त्या रस्त्यानं रिक्षातून जातानाही जीव मुठीत धरावा लागतो. आमचे टाकळकर सर किडकिडीत, तपकिरीचे डाग पडलेला कोट घालणारे, आणि बोलायला लागले की तपकीर विसरणारे. ते दोन विषय एकत्र शिकवायचे: माणसाच्या मनात बरं-वाईट कसं ठरतं हा एक, आणि कलेला ते बरं-वाईट लागू होतं का हा दुसरा. म्हणायचे, "पहिलं न शिकता दुसऱ्यावर बोलणारे लोक पेपरात अग्रलेख लिहितात." त्यांची एक रीत होती. दर शनिवारी प्रत्येकानं घरून एक भावना आणायची. खरी, वापरातली; पुस्तकातली चालायची नाही. कुणी थोरल्या भावाचा हेवा आणायचं, कुणी सासऱ्याची भीती, आणि मग आम्ही ती वाटाण्याच्या शेंगेसारखी सोलत बसायचो. मी एकदा 'कुणी रागवत नाही याचं दुःख' घेऊन गेले. वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "हिला नाव काय द्याल?" मला देता आलं नाही. "मग शोधा," म्हणाले, आणि तपकिरीची डबी चाचपू लागले.

त्याच सुमारास नसीमचं लग्न ठरलं. स्थळ माझ्या वडलांनीच सुचवलेलं, आमच्या देवगावचं. मुलगा अकबर तिथल्या शाळेत मास्तर. नसीमनं त्याला एकदाच, ईदला, पाहिलं होतं, आणि तेव्हापासून ती न सांगता घड्याळांना चाव्या द्यायला लागली होती, यावरून काय ते ओळखा. त्याची आई हलीमाबी. तिला मी लहानपणापासून ओळखत होते. साऱ्या गावाला ती तिच्या जिभेनं ठाऊक होती. नवरा लवकर गेला, पोराला एकटीनं वाढवलं. जन्मापासून तिचा एक पाय आखूड, त्यामुळं चालताना एका अंगाला हेलकावा बसायचा, पण चार कोसांवर कुणाचं बाळंतपण असलं तरी ही हेलकावत हजर.

आता या लग्नांतली एक रीत सांगायला हवी. लग्नाच्या आदल्या दिवशी सांचक असते. नवऱ्याकडच्या बायका नवरीसाठी कपडे, साखर, खोबरं, फुलं अशी ताटं घेऊन येतात, आणि नवरीकडच्या बायका ढोलकीवर गाणी म्हणून त्यांना शिव्या देतात. शिव्या म्हणजे साध्यासुध्या नाहीत, नाव घेऊन, सुरात, यमक जुळवून. कुणाचं नाक, कुणाची चाल, कुणाची खादाडी, सगळं निघतं, आणि सगळ्यात झणझणीत शिवी राखून ठेवतात ती विहिणीसाठी, समधनसाठी. आमच्या गल्लीत या कामात जुबेदाखालांचा हात धरणारं कुणी नव्हतं. लोक आपल्या घरच्या लग्नात त्यांना मुद्दाम न्यायचे. ढोलकी दुसरीनं वाजवायची आणि खालांनी तिच्या लाकडावर चमच्यानं ठेका धरायचा. त्या चमच्याचा टक-टक आवाज आला की बायका पदर तोंडाशी धरून आधीच हसायला लागायच्या.

आता लग्न घरचंच. खाला आठवडाभर स्वयंपाक करता करता शिव्या रचत होत्या, आणि गव्हाच्या डब्यावर चमचा आपटून आम्हाला ऐकवत होत्या. हलीमाबीची शिवी त्यांनी सगळ्यांत आधी रचली. ती मला अजून पाठ आहे:

"समधन आई सांचक लेको, अल्ला कैसी चाल,
एक पाँव बोले हौ हौ हौ, दूजा बोले नक्को नक्को,
बीच में समधन लाल!"

नसीम आणि मी हसून हसून गव्हात लोळलो. आणि तिथंच माझ्यातली तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी जागी झाली. टाकळकर सरांना निबंध द्यायचा होता, विषय सापडत नव्हता. तो आपणहून डब्यावर वाजत आला. गाण्यानं माणसाचा अपमान केला तर दोष गाणाऱ्याचा, की गाण्याचाही? मी झपाटल्यासारखं लिहिलं. माझं म्हणणं असं होतं की गाणं ऐकणाऱ्याला काहीतरी वाटून घ्यायला सांगतं. एखाद्याच्या व्यंगावर हस असं ते सांगत असेल, आणि तसं हसणं जर वाईट असेल, तर ते गाणं गाणं म्हणूनच कुठंतरी चुकलं. मग सूर कितीही गोड असोत. अजूनही मला ते अगदीच टाकाऊ वाटत नाही. त्या वयात तर मला आपण थेट सत्याच्या ओसरीवर जाऊन बसलोय असं वाटत होतं.

खाला रोज संध्याकाळी सुपारी कातरत विचारायच्या, "आज क्या पढ़े बेटा?" आणि मी सांगायची. त्या संध्याकाळी मी निबंधच वाचून दाखवला, माझ्या मोडक्यातोडक्या दखनीत उल्था करत. नसीम बाजेवर आडवी पडून ऐकल्याचं सोंग करत होती. खालांनी मधेच विचारलं, "मतलब, जिसके पाँव में ऐब है, उसपो हँसने का गाना खराब?"

"हौ खाला."

"सुर में हो तब भी?"

"तब भी."

"हूँ," म्हणाल्या, आणि अडकित्ता थोडा वेळ तसाच उघडा राहिला. मी पान उलटलं आणि पुढं वाचत गेले. नंतर मी जन्मभर शिकवलं, चार पुस्तकं लिहिली, परिसंवादांत शाली घेतल्या. पण माझं म्हणणं ऐकून कुणी आपली वागणूक बदलली असेल तर आजवर जुबेदाखाला एकट्याच.

सांचकेच्या दिवशी दुपारी अंगण बायकांनी गच्च भरलं. पुरुष बाहेर मांडवात, आणि आत अत्तर, मोगरा आणि चुलीवरच्या खलियाचा वास एकमेकांत मिसळलेला. चाचांनी त्या दिवसापुरती सगळी घड्याळं बंद करून ठेवली होती, ढोलकीच्या मधे बोलू नयेत म्हणून. नसीम आतल्या खोलीत पिवळ्या कपड्यांत मान खाली घालून बसलेली, आणि मी दाराच्या फटीतून तिला बाहेरच्या बातम्या पुरवत होते. देवगावच्या बायका ताटं घेऊन आल्या. मधोमध हलीमाबी, नवं हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, आणि चेहऱ्यावर आता बघू काय म्हणता ते असा भाव. चमचा वाजला. खालांनी हलीमाबीच्या नणंदेला घेतलं, तिच्या घोरण्यावरून. मग जावेला, तिच्या चोंबडेपणावरून. मग एका दात पडलेल्या मामेसासूला, ती हाडूक कसं चोखते त्यावरून. अंगण हसण्यानं हलत होतं. आता समधनची पाळी. हलीमाबी पुढं सरकून, पदर खोचून, तयार होऊन बसली.

आणि खालांनी ढोलकीवालीला खूण केली, ठेका संथ केला, आणि हलीमाबीसाठी एक गोड स्वागताचं गाणं म्हटलं. आमच्या अंगणात चाँद उतरला, आमचं नशीब उजळलं, अशा थाटाचं. सुरेल, अदबशीर. म्हणताना खालांचे डोळे खरोखर भरून आले होते. मी आत वळून नसीमला म्हणाले, "खाला लई मोठ्या मनाच्या आहेत गं." मला कळलं होतं त्यांनी काय केलं ते, आणि कुणाचं ऐकून केलं तेही, आणि छाती अशी फुगली होती की काही विचारू नका.

बाहेर मात्र हलीमाबीचा चेहरा दिवा मालवल्यासारखा झाला. दस्तरखान अंथरलं, नान आले, खलियाच्या वाट्या आल्या. हलीमाबी हलली नाही. "मेरेकू भूक नहीं," म्हणाली. तिनं घास घेतला नाही म्हणून तिच्याकडच्या कुणीच घेतला नाही. वाट्यांवर तेलाची साय धरायला लागली. खाला हातापाया पडायला लागल्या. नमक कम है क्या, गोश्त सख़्त है क्या, कोई बोला क्या? हलीमाबी उठली. "चलो गं," जावेला म्हणाली, "देवगावची गाडी जाईल." तिची जाऊ गोंधळून एकदा तिच्याकडं आणि एकदा आणलेल्या ताटांकडं बघायला लागली. ताटं नवऱ्याकडच्यांबरोबर परत गेली म्हणजे लग्न मोडलं, हे तिथल्या तान्ह्या पोरालाही कळत होतं. नसीमनं माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली.

खाला खोलीच्या दारात आल्या. तोंड पांढरं पडलेलं. "सुमन," म्हणाल्या, "तेरे गाँव की है वो. तू पूछ ना, क्या हुआ." तेवढ्या घाईतही माझ्या लक्षात आलं की 'आप' गेलं आणि 'तू' आलं.

हलीमाबी डाळिंबाखाली चपला शोधत होती. मी जाऊन तिचा हात धरला. "हलीमाबी, काय झालं?"

"काय व्हायचं? काय नाय."

"मग जेवत कामून नाहीत?"

"सुमे," ती दबक्या आवाजात म्हणाली, "नणंदंला शिवी दिली. जावंला दिली. ती मामेसासू, तोंडात दात नाय तिच्या, तिला बी दिली. आन मला?"

"तुमचं तर कौतुक गायलं की!"

"कौतुक?" तिनं चप्पल खाली आपटली. "कौतुक पावण्यांचं करत्यात. इहिणीला शिवी देत्यात. पोरगी माझ्या घरात धाडायला निघाल्यात, आन मला पावणी धरत्यात व्हय?" मग ती थांबली, आणि आवाज एकदम बारीक झाला. "मला ठावं हाय कामून ते. ह्यो पाय. लंगडी बिचारी, तिला काय बोलावं. आगं, लहानपनापासनं बघते म्या. समद्या पोरी फुगड्या घालायच्या, मला म्हनायच्या, तू बस, तू आमच्या चपला सांभाळ. कुनी वाईट बोललं नाय कधी. लई चांगल्या व्हत्या समद्या."

ही तर माझीच शनिवारची भावना होती. मी ती दोन वर्षं दालीच्या वाटीत घेऊन फिरत होते, आणि ही बाई आख्खा जन्म.

मी स्वयंपाकघरात पळाले. "खाला, वो गाली गाओ. पाँववाली."

"पागल हुई क्या? तूच तो लिखी ना, खराब है बोलके?"

"हौ, लिखी. लेकिन उसकू गाली नहीं दिए, इसलिए वो नाराज है."

खाला माझ्याकडं बघतच राहिल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! मैं समझी इज़्ज़त कर रई!" चुलीशेजारचा चमचा त्यांनी उचलला, पण पुढं पाऊल टाकेनात. त्यांना काय वाटत होतं ते मला कळत होतं, कारण मलाही तेच वाटत होतं. मी चुकीचं समजले असेन तर? भर अंगणात, सगळ्या बायकांसमोर, त्या पायावरून गाणं म्हणायचं, आणि ते तिला खरंच लागलं तर मग नसीमचं लग्न कुणालाही वाचवता येणार नव्हतं. "पक्का?" खालांनी विचारलं. मी मान हलवली.

चमचा ढोलकीच्या लाकडावर पडला. टक-टक, टक-टक. "अगे ओ समधन, किधर भागती?" खाला ओरडल्या. "तेरा हिस्सा तो लेके जा!" आणि त्यांनी ते गाणं उचललं. एक पाँव बोले हौ हौ हौ, दूजा बोले नक्को नक्को. कुणी हसलं नाही. सगळ्या बायका श्वास रोखून हलीमाबीच्या पाठीकडं बघत होत्या. ती दाराकडं तोंड करून उभी होती, मान ताठ. मग हळूच वळली. क्षणभर तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, संपलं. आणि मग तिच्या नाकातून एक फुर्रकन आवाज आला, आणि ती अशी हसली, अशी हसली, की हिरव्या लुगड्याचा पदर खांद्यावरून घसरला. "फिरसे गा!" ती ओरडली. "जोरसे गा, रांडे! मांडव में भी सुनने दे!" खालांनी पुन्हा म्हटलं, आणि हलीमाबी दस्तरखानापर्यंत त्या गाण्यावर चालत आली, एका पावलाला "हौ", दुसऱ्याला "नक्को", मुद्दाम हेलकावे घेत. अंगण फुटेल असं हसलं. बाहेर मांडवात चाचांना काय झालं ते कळेना, तर ते कनातीआडून सारखे विचारत होते, "सब ठीक है ना? सब ठीक है ना?" आत नसीम गुडघ्यात डोकं घालून रडत होती, आणि मधेच तिलाही हसू फुटत होतं.

मी वाढता वाढता हलीमाबीच्या कानाशी लागून विचारलं, "लागलं का वो?"

"लागलं की," ती नान मोडत म्हणाली. डोळ्यांच्या कडा ओल्याच होत्या. "लागनारच. पन माझ्या वाट्याचं व्हतं ते. मला मिळालं." आणि तिनं खलियात घास बुडवला.

पुढच्या शनिवारी मी हे सगळं टाकळकर सरांना सांगितलं आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाले, निबंध फाडते, माझं म्हणणं खोटं ठरलं. सर म्हणाले, "इतक्या लवकर फाडू नका. ती बाई बोलली म्हणून तुम्हाला कळलं. जिला ते गाणं खरंच नको आहे, पण चारचौघींत हसावं लागतं म्हणून हसते, ती तुम्ही कशी ओळखणार?" पुढं मी विद्यार्थ्यांना हाच प्रश्न घालत राहिले. आणि त्यानंतर मी कुठल्याही लग्नाला गेले की गाणारीकडं न बघता जिच्यावर गाणं चाललंय तिच्या तोंडाकडं बघत बसते, आणि बायकांना वाटतं म्हातारीला ऐकू येत नाही.

पण त्या दुपारचं शेवटचं सांगायचं राहिलं. सगळ्या जेवायला बसल्यावर खालांनी माझी पितळी वाटी आणून नेहमीच्या अदबीनं माझ्यापुढं ठेवली. हलीमाबीनं वाकून आत बघितलं. "ये क्या? दाल?" मग खालांकडं वळून, "अगे जुबेदा, इसके घर में जत्रा कू बकरा कटता! हड्डियाँ चबानेवाली है ये, मेरे सामने चबाई हुई! इसकू तू दाल खिलाती?"

खाला हळूच म्हणाल्या, "सुमन, तू गोश्त खाती?"

"हौ खाला," मी ताटाकडं बघत म्हणाले.

"दो बरस से," खाला म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पायरीपायरीनं चढत गेला, "दो बरस से मैं अलग पतीला घिस रई, अलग चम्मच घिस रई, जुम्मे के जुम्मे तेरे वास्ते अलग चूल्हा फूँक रई, और तू मुँह में दही जमा के बैठी! ज़बान नहीं थी? गूँगी थी? इत्ती किताबाँ पढ़ी, मेरेकू इत्ता बोलना नहीं आया, गधी!" माझी वाटी त्यांनी उचलली आणि दाल सरळ मांजरापुढं ओतली. मांजरानं वास घेतला आणि ते निघून गेलं. हलीमाबी मांडीवर थाप मारून म्हणाली, "एक गाली इसकू भी दे ना. ये क्या पराई है?" खालांनी चमचा घेतला. ही शिवी काही त्यांनी आधी रचलेली नव्हती, तिथल्या तिथं बसल्याजागी जुळवली:

"सुमन बैठी सोचती, दूध क्या, पतीला क्या,
दूध उबलके बह गया, अब पूछती चूल्हा क्या!
जिस घर जाएगी ये दुल्हन, उस घर अल्ला ही अल्ला!"

म्हणजे ते दूध त्या विसरल्या नव्हत्या. इतके दिवस जपून ठेवलं होतं. साऱ्या बायका माझ्याकडं बोट दाखवून हसत होत्या, दात नसलेली मामेसासू सगळ्यांत जास्त, आणि माझ्यापुढं खलियाची वाटी आली, तीच, सगळ्यांच्या भांड्यातली, सगळ्यांच्या चमच्यानं वाढलेली. मी पहिला घास घेतला आणि मला समोरचं काही दिसेना.

"तिखट लागलं," मी म्हणाले.

"चुप बैठ, झूठी," खाला म्हणाल्या, आणि माझ्या ताटात आणखी एक नान टाकला.